एका चढाईचे दोन वाटेकरी

गेल्या वर्षीच्या भाऊबीजेच्या रात्री, जेवणे आटोपून पानसुपारी चालू असता, आमच्या घरी एक मोठा वाद पेटला. तो वाद वाटणीचा होता. एकत्र कुटुंबातील वाटणीचा वाद म्हटला म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे शेत, वाडा किंवा आजीच्या पाटल्या उभ्या राहतील. परंतु आमचा वाद होता तो कबड्डीतील चढायांच्या वाटणीसंबंधी. पुणेरी पलटण या संघातील अस्लम इनामदार व पंकज मोहिते हे दोघेही चढाईपटू. दोघेही आपल्या महाराष्ट्राचे. संघ एक, चढाया मोजक्या, आणि त्या वाटून घेणारे दोन. या दोघांपैकी आपल्या यादीत कोणास घ्यावे, या प्रश्नावर थोरले बंधू एका बाजूस व त्यांचा चिरंजीव, म्हणजे माझा पुतण्या, दुसऱ्या बाजूस असा सामना जुंपला, आणि रात्री बाराच्या ठोक्यापर्यंत तो सुटला नाही.

ही यादी म्हणजे काय, हे प्रथम सांगितले पाहिजे. इंग्रजीत ज्यास 'फॅन्टसी' म्हणतात, त्या प्रकारचा हा खेळ आहे. खऱ्या सामन्यात खेळणारे गडी निवडून प्रत्येकाने आपला एक मनाचा संघ बांधावयाचा; ते गडी खऱ्या मैदानावर जे गुण मिळवितील, ते आपल्या खाती जमा व्हावयाचे. ही कल्पना मूळची अमेरिकेतील. १९६२ साली ओकलंड शहरच्या विंकनबाख नावाच्या गृहस्थांनी काही मित्रांसमवेत तेथील फुटबॉलवर हा खेळ रचला. अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्याकडील पायाने खेळावयाच्या फुटबॉलहून वेगळा. त्यात चेंडू काखेत घेऊन प्रतिपक्षाच्या फळीतून धावत सुटणारे गडी असतात, आणि पुष्कळ संघ हे धावण्याचे काम एकावर न टाकता दोघांत वाटून देतात. त्यामुळे या दोघांतील कोणता गडी यादीत घेणे किफायतीचे, यावर तिकडील घरोघरी वाद होतात. आमचा वाद त्याच जातीचा, फक्त चेंडूऐवजी चढाईचा.

आमच्या घरी हा खेळ आला तो मात्र अशा निरागस वाटेने नव्हे. पुतण्या वणीस शिकावयास असता मोबाइलवरील एका ॲपवर पैसे लावून तो हा खेळ खेळत असे. २०२४ च्या हंगामात त्याने जवळजवळ प्रत्येक सामन्यात अस्लमलाच आपल्या यादीचा कर्णधार केले. असल्या खेळांत कर्णधाराचे गुण दुप्पट व उपकर्णधाराचे दीडपट धरण्याची पद्धत आहे. म्हणजे कर्णधार चुकला की सारेच चुकले. त्या हंगामात अस्लम गुडघ्याच्या दुखापतीने अर्ध्यावरच बाहेर बसला. गेलेले पैसे भरून काढण्याच्या भरात पुतण्याने कॉलेजची एका सहामाहीची फी घालविली. ही गोष्ट घरी कळली तेव्हा दादा रागावले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "ज्याने तुझे नावही ऐकलेले नाही, त्याच्या गुडघ्यावर तू फी लावलीस. बरे, तो किती चढाया करतो हे तरी तू कधी मोजले होतेस काय?" पुतण्याने मोजले नव्हते. त्याला गुण तेवढे ठाऊक होते.

पुढे २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला आणि पैसे लावून खेळावयाचे असले सर्व प्रकार बंद पडले. हा खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा वाद त्यापूर्वी न्यायालयांत पुष्कळ वर्षे चालला होता. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०१७ साली तो कौशल्याचा ठरविला होता. नव्या कायद्याने तो भेदच बाजूस ठेविला. खेळ कोणत्याही जातीचा असो, त्यात पैसा आला की तो बंद. दादांस हा कायदा मनापासून पसंत पडला; तथापि मुलाच्या अंगी लागलेला अभ्यास वाया जाऊ नये असेही त्यांस वाटले. सारीपाटाच्या डब्यातील कवड्या त्यांनी बाहेर काढल्या, एक दोनशे पानी वही आणविली, आणि घरातील प्रत्येकास शंभर कवड्या देऊन हा खेळ दिवाणखान्यात सुरू केला. अट एकच होती. गड्याने किती गुण मिळविले याबरोबर त्याने किती चढाया केल्या, त्यांपैकी रित्या किती गेल्या व तो बाद होऊन किती वेळ बाहेर बसला, हे सर्व पुतण्याने वहीत लिहावयाचे.

मुकुटबनसारख्या गावी कबड्डीचे वेड नवे नाही. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण-पूर्व कोपऱ्यात, झरी-जामणी तालुक्यात आमचे हे गाव. आता येथे सिमेंटचा मोठा कारखाना झाला आहे आणि आसपास कोळसाही निघतो. पण कापूस वेचून रिकाम्या झालेल्या वावरात हुतूतूचा पट आखण्याची रीत पुष्कळांच्या स्मरणात आहे. तेलंगणाचे आदिलाबाद येथून लांब नाही. बाजारात मराठीबरोबर तेलुगूही कानी पडते, आणि टेलिव्हिजनवर सामने लागले की शेजारचे काका तेलुगू टायटन्सचे पक्षपाती व आम्ही पुण्याचे, असा आमच्या ओसरीवरच सीमाप्रश्न उपस्थित होतो. आपल्या विदर्भाचा या खेळाशी असलेला संबंध तर अभिमानास्पद आहे. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तेथे देशी खेळ करून दाखविले, त्यांत हुतूतूही होता.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असतो व एका चढाईस फार तर ३० सेकंद मिळतात. दोन्ही संघ आळीपाळीने चढाई करीत असल्यामुळे एका संघाच्या वाट्यास साधारणपणे चाळिसाच्या आसपास चढाया येतात. ही शिदोरी ठरलेली. क्रिकेटात एक फलंदाज दिवसभर खेळत राहिला तर दुसऱ्याचेही काही जात नाही. समोरच्या टोकास तोही धावा करू शकतो. कबड्डीत तसे नाही. अस्लम मध्यरेषा ओलांडून गेला की त्या ३० सेकंदांत पंकज घरीच. एकाच्या ताटात वाढलेला घास दुसऱ्याच्या ताटातून गेलेला असतो. म्हणून 'दोघांत श्रेष्ठ कोण?' हा प्रश्न यादी करणारास फारसा उपयोगी नाही. 'चाळीस चढायांपैकी त्याच्या वाट्यास किती येतील?' हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

आणि ही वाटणी स्थिर नसते. जुन्या काळी कबड्डीचे संजीवनी, गामिनी व अमर असे तीन प्रकार खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी लोण पडेपर्यंत परत येत नसे. संजीवनीत आपल्या संघाने समोरचा गडी बाद केला की आपला एक गडी जिवंत होई. अमरमध्ये बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, गुण तेवढा मोजला जाई. आजचा व्यावसायिक खेळ संजीवनीच्या तत्त्वावर चालतो. याचा परिणाम असा होतो की मुख्य चढाईपटूची पकड झाली म्हणजे तो बाहेरच्या बाकावर जातो आणि त्याच्या चढाया आपोआप दुसऱ्याकडे येतात. तो पुन्हा कधी आत येणार, हे मात्र त्याच्या हाती नसते. मागे उभे असलेले पकडीचे गडी गुण मिळवितील तेव्हा तो उठणार. एकाचे बाद होणे ही दुसऱ्याची संधी; पण बचाव दुबळा असेल तर ती संधीही फार वेळ टिकत नाही, कारण मग तोही बाद होतो आणि लोण पडते.

या ठिकाणी वहिनी मध्येच बोलल्या. त्या पुरणाचे पातेले झाकून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. "चढाया कोणाच्या किती, हे तुम्ही वहीत लिहिता. पण बाहेर बसलेल्याला उठवून आत कोणी आणले, ते लिहिता का? पोळी कोणी लाटली ते सर्वांस दिसते. पुरण कोणी वाटले ते कोण पाहतो?" धाकट्या वहिनींनी त्यावर अर्थपूर्ण मौन धारण केले. वहिनींचा रोख स्वयंपाकघराकडे होता की गौरव खत्रीसारख्या पकडीच्या गड्यांकडे, हे आम्हांपैकी कोणी विचारले नाही. परंतु त्यांनी आपल्या शंभर कवड्यांतील बहुतेक कवड्या पकडीच्या गड्यांवरच खर्च केल्या, हे येथे नमूद करून ठेवतो.

आता अस्लम व पंकज यांच्याविषयी. अस्लम नगर जिल्ह्यातील टाकळीभानचा. हालाखीतून वर आलेला हा मुलगा प्रो कबड्डीच्या आठव्या हंगामात प्रथम चमकला. २०२३ च्या ऑक्टोबरात चीनमधील हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघात तो व आपलाच आकाश शिंदे असे दोघे होते. दहाव्या हंगामात तो पुण्याचा कर्णधार होता आणि त्या हंगामाचा सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. ही निवड विचार करण्यासारखी आहे. त्या हंगामात चढाईचे सर्वाधिक गुण, २७६, मिळविले ते दिल्लीच्या आशू मलिकने. अस्लम त्या यादीत अग्रभागी नव्हता. कारण पुण्यात चढाया तो, मोहित गोयत, पंकज मोहिते व आकाश शिंदे अशा चौघांत वाटल्या जात. असे असता सर्वांत मोलाचा ठरला तो अस्लम. तो चढाईही करतो व परत येऊन पकडीतही हात घालतो. कर्णधार असल्यामुळे सातांतून त्यास सहसा काढले जात नाही. म्हणजे त्याच्या वाट्यास चढाया कमी आल्या तरी गुणांची दुसरी वाट त्यास मोकळी असते.

पंकजचे तसे नाही. २०१९ पासून तो पुण्याकडे आहे, म्हणजे संघातील त्याची सेवा अस्लमहून जुनी; परंतु त्याचे मोल मुख्यतः चढाईतच. आणि त्याच्या चढाया किती, हे बहुधा इतरांच्या प्रकृतीवर अवलंबून राहिले. २०२२ च्या उपांत्य सामन्यात अस्लम दुखापतीमुळे मैदानाबाहेर होता. त्या दिवशी तमिळ थलायवाजविरुद्ध पंकजने १६ गुण मिळविले व पुण्याने तो सामना ३९-३७ असा जिंकला. आदल्या दिवसापर्यंत जो दुसरा-तिसरा होता, तो एका दिवसात पहिला झाला. त्याचे कौशल्य काही रातोरात वाढले नव्हते. वाढला तो वाटा.

मग २०२४ च्या १ मार्चचा हैदराबादचा अंतिम सामना पाहा. पुण्याने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळविले. त्या दिवशी अस्लमही मैदानावर होता, मोहितही होता. तरी पुण्याकडून सर्वाधिक ९ गुण पंकजचे. त्यांपैकी ४ गुण एकाच चढाईत आले. दादा हाच सामना पुनःपुन्हा पुढे करीत. त्यांचे म्हणणे असे की, अटीतटीच्या वेळी सर्वांचे डोळे अस्लमवर असतात व पंकज त्या सावलीत आपले काम करून जातो. पुतण्याचे उत्तर असे की, एका चढाईतील चार गुण ही दिवाळीची ओवाळणी झाली. ती रोज मिळत नाही. ते ४ वगळले तर उरतात ५.

मला येथे पुतण्याचे पटले, आणि दादांचेही. एक गोष्ट मात्र दोघांच्याही लक्षात आली नव्हती, ती तिसऱ्या चढाईची. लागोपाठ दोन चढाया रित्या गेल्या म्हणजे तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाई करणारा बाद. पुण्यासारखा बचाव भक्कम असलेला संघ आघाडीवर असला की पहिल्या दोन चढाया मुद्दाम रित्या घालवून वेळ काढतो. त्या रित्या चढाया करण्यास कोणासही पाठवितात. तिसरीस कोणास पाठवितात हे पाहण्यासारखे असते. तेव्हा नुसती चढायांची संख्याही पुरी नव्हे. दहा चढायांपैकी सहा वेळ काढण्याच्या असतील, तर तो वाटा कागदावरच मोठा. पुतण्याने त्या रात्रीपासून वहीत तिसऱ्या चढाईचा आणखी एक रकाना आखला.

चढायांची वाटणी मोडल्यावर काय होते, याची दोन उदाहरणे पाटणा संघाच्या इतिहासात आहेत, आणि ती एकमेकांच्या उलट आहेत. २०१७ च्या हंगामात पाटण्याच्या परदीप नरवालने चढाईचे ३६९ गुण मिळविले. त्याच्या जोडीस मोनू गोयत होता, त्याचे गुण सुमारे एकशेनव्वद. दुसऱ्या क्रमांकाच्या चढाईपटूस एवढे गुण, म्हणजे तो पहिला झाला तर काय करील, असा हिशेब पुढच्या वर्षीच्या लिलावात झाला आणि हरियाणाच्या संघाने त्यास १ कोटी ५१ लाखांस घेतले. त्या लिलावातील ती सर्वांत मोठी बोली. परंतु परदीपच्या पाठीमागून चढाई करणे वेगळे आणि प्रतिपक्षाचे सातही गडी आपलीच वाट पाहत असता चढाई करणे वेगळे. मोनूचे गुण वाढले नाहीत, आणि संघही बाद फेरीपर्यंत पोहोचला नाही.

दुसरे उदाहरण ताजे आहे. २०२४ च्या हंगामात पाटण्याच्या देवांक दलालने ३०१ गुण मिळवून पहिला क्रमांक पटकाविला. त्याचा जोडीदार अयान लोहचब बराच मागे होता. २०२५ साली देवांक दोन कोटींहून अधिक किमतीस बंगालकडे गेला, अयान पाटण्यातच राहिला. त्या हंगामात अयानने तीनशेची मर्यादा ओलांडली, आणि देवांकची संख्या त्याच्या आदल्या वर्षाहून खाली आली. दोघांतील धाकटा समजला जाणारा, घर रिकामे होताच कर्ता झाला. मोनूचे जे फसले ते अयानचे का साधले, यावर पुष्कळ बोलता येईल. मला वाटते, मोनूला परके घर व परका बचाव मिळाला; अयानला घर तेच राहिले, वाटा तेवढा वाढला.

वाटेकरीच नसेल तर काय, याचे उत्तर आमच्या शेजारच्या काकांपाशी आहे. दहाव्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतला २ कोटी ६० लाखांवर किंमत देऊन घेतले. पवनने त्या हंगामात दोनशेवर गुण मिळविले. परंतु त्याच्या तोडीचा जोडीदार नव्हता. तो बाद झाला की चढाई थांबे, आणि त्यास उठवावयास बचावही सरसावत नसे. बावीस सामन्यांपैकी टायटन्सने दोन जिंकले व तळ गाठला. यादी करणारास पवन त्या वर्षी लाभला असेल, काकांस नाही. यादीचे हित व संघाचे हित ही दोन निराळी आहेत, हे पुतण्याला त्या काकांचे तोंड पाहून जेवढे समजले, तेवढे ॲपवरून समजले नव्हते.

भाऊबीजेच्या रात्री अखेर हिशेब मांडला तो असा. आमच्या कवड्यांच्या बाजारात अस्लमची किंमत २०, पंकजची १३. समजा चाळीस चढायांपैकी १४ अस्लमकडे आल्या व ९ पंकजकडे. समजा अस्लमने दोन चढायांमागे एक गुण मिळविला, म्हणजे ७. आणि पंकज ताजातवाना व काहीसा दुर्लक्षित म्हणून दर पाच चढायांस तीन गुण, म्हणजे साडेपाचाच्या आत-बाहेर. दर कवडीमागे पाहिले तर पंकज स्वस्त पडतो: तेरा कवड्यांत साडेपाच, तर वीस कवड्यांत सात. शिवाय उरलेल्या सात कवड्यांत आणखी काही घेता येते. परंतु कर्णधाराचे गुण दुप्पट. दुप्पट करावयाचे तर सातचे चौदा करावे, साडेपाचाचे अकरा का करावे? त्यात अस्लमच्या पकडीचे गुण आमच्या नियमाने दुप्पट मोजावयाचे. म्हणजे अंतर आणखी वाढले. सारांश असा निघाला की, कर्णधार करणार असाल तर अस्लम घ्या. साधा गडी म्हणून घेणार असाल तर पंकज घ्या. आणि दोघांसही घेतलेत तर एकाच शिदोरीवर दोन पाहुणे बसविलेत. हा निकाल कागदावर इतका नीटस दिसला की दादांनी अस्लमला व पुतण्याने पंकजला घेऊन आपापला मूळ पक्षच बदलून टाकला. मी स्वतः दोघांसही घेतले, कारण मला दोघेही आवडतात. हा काही हिशेब नव्हे, हे मला मान्य आहे.

चौदा, नऊ हे आकडे आम्ही केवळ धरून चाललो होतो. सामना सुरू झाल्यावर कोणाच्या वाट्यास किती येईल हे प्रशिक्षक ठरवितो, प्रतिपक्षाचे कोपरारक्षक ठरवितात, आणि कधी कधी एक मुरगळलेला घोटा ठरवितो. म्हणून दादांचा नियम असा की, एका सामन्यावरून गड्याचा भाव बदलावयाचा नाही. पाच सामन्यांच्या चढायांची सरासरी पाहावयाची. गुण वर-खाली होतात, वाटा त्या मानाने हळू बदलतो. गुण घसरले पण वाटा टिकला असेल, तर तो गडी राखावा. गुण चढले पण वाटा तोच असेल, तर फार हुरळू नये. हे सूत्र पुतण्याने वहीच्या पहिल्या पानावर उतरून घेतले आहे, आणि त्याखाली स्वतःच्या हाताने कॉलेजच्या फीचा आकडाही लिहून ठेविला आहे. तो आकडा मी येथे देत नाही.

२९ ऑक्टोबरला पुण्याची गाठ नेमकी तेलुगू टायटन्सशी पडली. जिंकेल तो अंतिम फेरीत. शेजारचे काका सहकुटुंब आले. टायटन्सच्या भरत हुडाने एकट्याने विसांहून अधिक गुण केले, तरीही पुण्याने सामना ५०-४५ असा मारला. काकांनी चिवड्याची बशी खाली ठेवून तेलुगूत काहीतरी म्हटले. त्याचा अर्थ आम्ही विचारला नाही.

परंतु त्या रात्री आमच्या घरी खरा धक्का निराळाच होता. पुण्याकडून विसांहून अधिक गुण मिळविणारा गडी अस्लम नव्हता आणि पंकजही नव्हता. तो होता आदित्य शिंदे. भाऊबीजेच्या रात्री तीन तास चाललेल्या वादात त्याचे नाव एकदाही निघाले नव्हते. दोन वाटेकऱ्यांच्या भांडणात तिसरा वाटेकरी कोणी मोजलाच नाही. पुतण्याने वही उघडून मागील पाने चाळली, तेव्हा आदित्यच्या वाट्यास येणाऱ्या चढाया काही सामन्यांपासून वाढत चालल्याचे त्याच्याच अक्षरात लिहिलेले निघाले. लिहिले होते, पण वाचले नव्हते.

घरात आदित्य एकट्या वहिनींच्या यादीत होता. पकडीचे गडी घेऊन त्यांच्यापाशी सहा कवड्या उरल्या होत्या, आणि सहा कवड्यांत तेवढाच एक चढाईपटू मिळत होता.

३१ तारखेच्या अंतिम सामन्यात दिल्लीने पुण्यास ३१-२८ असे हरविले. वहिनींच्या यादीचे गुण सर्वांत अधिक भरले. कवड्या मोजून सारीपाटाच्या डब्यात परत गेल्या. एक कमी भरली, ती अद्याप सापडलेली नाही. पुढील हंगामात आदित्य शिंद्यांची किंमत किती ठेवावी यावर आता घरात वाद चालू आहे. दादा पंधरा म्हणतात, पुतण्या अठरा म्हणतो. वहिनींचे म्हणणे आहे, सहाच ठेवा.